कस्तुराबाईंनी टाळलेलं पान

सोमवार हा बालवाडीत नखं कापायचा वार. कस्तुरा एकेका पोराला जवळ ओढून त्याची नखं कापत होती आणि मागे मदतनीस जाईबाई पातेल्यात दूध ढवळत होती, तेवढ्यात सुमनताई आल्या. हातात खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, चपटं होतं. पोरांना वाटलं, मिठाईचा खोका. सगळी उठून उभी राहिली.

सुमनताई म्हणजे कंपनीतल्या एका साहेबांच्या पत्नी. पिंपरीच्या कामगार वसाहतीतली ही बालवाडी महिला मंडळ चालवायचं आणि मंडळ सुमनताई चालवायच्या. मनाने चांगल्या, पण कायम घाईत. चप्पलही न काढता त्यांनी उंबऱ्यातूनच कागद सोडला.

"पुण्याहून आणलंय. परीकथा आहे, जुनी, जगभर सांगतात म्हणे. बघा चित्रं किती सुंदर आहेत! रोज थोडं थोडं मुलांना दाखवा. बालदिनाला कंपनीचे साहेब येणार आहेत. तेव्हा मुलांनी स्वतः ही गोष्ट सांगायची. जमेल ना?"

"जमेल की ताई," कस्तुरा म्हणाली.

ही गोष्ट शहात्तर सालच्या ऑगस्टमधली. कस्तुरा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चित्रांचं पुस्तक तिने आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरलं होतं. भूमकडच्या तिच्या शाळेत एक वाचनाचं पुस्तक तीन बहिणींनी पाळीपाळीने वापरलेलं. पोरं घरी गेल्यावर ती सतरंजीवर बसली, पदराला हात पुसले आणि पुस्तक उघडलं.

पानं जाड होती. पहिल्या पानावर नदी, नदीवर नाव, नावेत दाढीवाला नावाडी आणि त्याची चिमुरडी मुलगी. दुसऱ्यावर मुलीची आई अंथरुणाला खिळलेली. तिसऱ्यावर आई नाही, नुसती रिकामी खाट. कस्तुराने चौथं पान उघडलं आणि तिचा हात थांबला. हिरवा पायघोळ झगा घातलेली, लांब नखांची एक बाई नदीकाठी उभी होती. मुलगी नावेत झोपलेली. बाईच्या हातात नावेची सोडलेली दोरी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'दुष्ट सावत्र आईने नाव सोडून दिली.'

पुढे नाव वाहत वाहत पक्ष्यांच्या बेटाला लागते, पक्ष्यांची राणी मुलीला सांभाळते, शेवटी बाप तिला शोधून काढतो आणि सावत्र आईचा दगड होतो. ते सगळं कस्तुराने भराभर पाहिलं. मग पुन्हा चौथं पान काढलं. मग पुस्तक मिटलं, उठली, दाराशी गेली, परत आली.

"काय गं, काय लिवलंय त्यात?" जाईबाईने विचारलं.

"काही न्हाई. पोरांची गोष्ट."

कस्तुरा स्वतः सावत्र आई होती.

बहात्तरच्या दुष्काळात तिचं सगळं घर खडी फोडायला जात होतं. घरात तीन मुली लग्नाच्या. कस्तुरा सातवी पास झालेली, थोरली, आणि वय वाढत चाललेलं. तेव्हा कुणीतरी भीमराजचं स्थळ आणलं. भीमराज मूळचा चाकणजवळच्या कुरुळीचा. पिंपरीत कंपनीत फिटर. पहिली बायको काविळीने गेलेली आणि मागे एक मुलगी, विशाखा. बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवले आणि त्र्याहत्तरच्या मे महिन्यात कस्तुरा मोरवाडीकडच्या पत्र्याच्या चाळीत राहायला आली. विशाखा तेव्हा दीड वर्षाची होती. दोन वर्षं ती कुरुळीला आजीकडेच राहिली. मग भीमराजने तिला पिंपरीला आणलं, कस्तुराला बालवाडीत नोकरी लागली आणि पोर तिच्यासोबत बालवाडीत येऊ लागली. बालवाडीत सगळी मुलं कस्तुराला बाई म्हणत. विशाखाही बाईच म्हणे, आणि घरी आल्यावरही तेच. कस्तुराने कधी दुरुस्त केलं नाही. तिला ते सोयीचंही वाटायचं.

पोर हट्टी नव्हती. रडायचीही फारशी नाही. जेवायला दिलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. पण बघत राहायची. कस्तुरा भाकरी थापत असो, केस विंचरत असो की भीमराजशी बोलत असो, दोन डोळे भिंतीपाशी बसून बघत असायचे. कस्तुराला कधीकधी त्या डोळ्यांची चीड यायची आणि मग त्या चिडीची लाज वाटायची.

आता कस्तुराला दिवस गेले होते. चौथा महिना. श्रावणात सासू सोजरबाई कुरुळीहून आल्या, तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विषय काढला.

"पोरीला माझ्याकडं पाठवून द्या. नोकरी करायची, बाळंतपण करायचं आन वर हिला बघायचं, हिला झेपायचं न्हाई. तिकडं शाळा हाय, मी हाय."

भीमराज ताटाकडे बघत राहिला. "बघू," एवढंच म्हणाला. मग दोन दिवसांनी कामावर निघताना दारातून म्हणाला, "दसऱ्याच्या आधी सोडून येऊ तिला."

कस्तुरा काही बोलली नाही. बोलली नाही, कारण तिला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच सुमनताई पुस्तक घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी कस्तुराने पोरांना अर्धगोल बसवलं. बत्तीस पोरं. विशाखा खिडकीखाली, नेहमीच्या जागी. नदी आली, नाव आली, नावाडी आला. पोरं चित्राला हात लावायला पुढे सरकत होती. चौथं पान आलं.

"बाई, ही कोण?" धोंडीबा नावाच्या पोराने विचारलं.

"ही... ही शेजारीण."

"हिनं दोरी का सोडली?"

"भांडण झालं होतं म्हणून," कस्तुरा म्हणाली आणि तिने पान उलटलं.

पोरांना शेजारणीचं भांडण लगेच पटलं. चाळीत रोजचंच ते. पुढची पक्ष्यांची पानं तर त्यांना इतकी आवडली की मग आठवडाभर रोज गोष्ट झाली. रोज शेजारीण यायची, रोज दोरी सुटायची. फक्त विशाखा चौथ्या पानाच्या वेळी चित्राकडे बघायची नाही. कस्तुराच्या तोंडाकडे बघायची.

कस्तुराला चैन पडेना. तांदूळ निवडून झाले तरी ती पुन्हा निवडायला घ्यायची. पाणी भरलेलं असताना घागर घेऊन नळावर जायची. गोष्ट सांगताना तिला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू यायचा. एकदा तिने दोन पानं एकदम उलटली. पोरांनी गलका केला, "बाई, शेजारीण ऱ्हायली! शेजारीण ऱ्हायली!"

सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमनताई तयारी बघायला आल्या. मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या. कस्तुराने गोष्ट सुरू केली. चौथ्या पानाला पोरंच एका सुरात ओरडली, "शेजारणीनं दोरी सोडली!"

सुमनताई हसल्या. उठून पुढे आल्या आणि पुस्तकात वाकून बघत म्हणाल्या, "अहो कस्तुराबाई, शेजारीण कुठे? स्पष्ट लिहिलंय की, सावत्र आई. मुलांना गोष्ट आहे तशी सांगा. साहेबांसमोर चुकीचं सांगितलं तर कसं दिसेल?"

कस्तुराने मान हलवली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "विशीची आई पन सावत्रच हाय. माझी आई म्हनती."

एकतीस तोंडं खिडकीकडे वळली. मग सगळी कस्तुराकडे वळली. मागे जाईबाईच्या हातातला डाव पातेल्याला लागून वाजला.

सुमनताईंचा चेहरा उतरला. "मला... मला कल्पना नव्हती," त्या हळूच म्हणाल्या.

कस्तुराने पुस्तक वर धरलं आणि वाचायला लागली. एकेक अक्षर. 'दुष्ट सावत्र आईने नाव सोडून दिली.' पक्षी, बेट, राणी, बापाचा शोध, दगड. एकही शब्द गाळला नाही. आवाज हलला नाही. पुस्तक मिटून ती म्हणाली, "चला, दूध घ्या." पोरं पेले घेऊन धावली. विशाखा जागेवरून उठली नाही.

त्या दिवसापासून पोरांना नवा खेळ सापडला. सतरंजीची घडी म्हणजे नाव. विशाखाला मधे बसवायचं आणि दोघांतिघांनी सतरंजी ओढायची. "गेली गेली! विशी गेली!" विशाखा बसायची. गुडघे पोटाशी घेऊन, नाव ओढली जाईल तिकडे जायची. कस्तुराने खेळ बंद केला, तर पोरांनी तो बाहेर अंगणात पोत्यावर सुरू केला. मग तिने पुस्तकच उचललं आणि वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं. पोरांनी विचारलं तर म्हणाली, "उंदरानं कुरतडलं. सुमनताई नवीन आणणार हायेत."

जाईबाई विधवा बाई. दोन मुलगे कंपनीत लावून दिलेले, जिभेला हाड नसलेली. तिने डबा उतरवताना पुस्तक पाहिलं.

"उंदीर लई मोठा दिसतोय," ती म्हणाली. कस्तुरा पीठ चाळत राहिली. "पुस्तक लपवून काय हुनार? पोरगी मला काल इचारत व्हती, कुरुळीला नदी हाय का म्हनून."

कस्तुराच्या हातातली चाळणी थांबली. "तुमी काय सांगितलं?"

"मी काय सांगनार? म्हनलं, वाटंत हाय. इंद्रायनी." जाईबाईने डबा खाली ठेवला. "तू सोडायला निघालीच हायेस नव्हं तिला? मग तसं सांग की. पोरं काय येडी नसत्यात."

"तिच्या आजीनंच मागितलीय तिला. मी थोडीच..."

"व्हय व्हय," जाईबाई म्हणाली. "आजीनं मागितली. तू दिलीस."

त्या संध्याकाळी विशाखाने स्वतःच विचारलं. कस्तुरा तिची वेणी घालत होती.

"बाई, आपण कुरुळीला गेलो की परत येणार?"

"हो. येणार की."

"सगळे?"

"सगळे," कस्तुरा म्हणाली आणि रिबिनीची गाठ इतकी घट्ट मारली की पोर कळवळली.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी जायचं ठरलं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, बालवाडीलाही सुट्टी. भीमराज सोडायला जाणार होता, पण आदल्या दिवशी म्हणाला की त्याला गुरुवारीच ओव्हरटाइम लागलाय. "तूच सोडून ये," तो म्हणाला. त्याला टाळायचं होतं की खरंच ओव्हरटाइम होता, हे कस्तुराने विचारलं नाही. विचारून तरी काय, पिशवी तर तिनेच भरली होती. तीन फ्रॉक, एक स्वेटर, पाटी. पोर बाजूला उभी राहून मोजत होती.

नाशिक फाट्यावरून चाकणची एस.टी. मिळाली. भोसरी गेली, कारखान्यांची धुराडी गेली, मग दोन्ही बाजूंना बाजरी. मोशी ओलांडल्यावर गाडी पुलावर आली. यंदा पाऊस भरपूर झाला होता, इंद्रायणी लालसर पाण्याने काठोकाठ वाहत होती. विशाखा खिडकीत होती. तिने पुढच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"ही नदी?"

"हो."

पोर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग वळून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "नाव कुठाय?"

"नाव नाही गं इथे. पूल आहे."

विशाखाने मान हलवली. पण दांडा सोडला नाही. गाडी पूल ओलांडून चिंबळीच्या पुढे गेली तेव्हा कस्तुराच्या लक्षात आलं की बाक ओला झाला आहे. पोरीने चड्डीत शू केली होती. पिंपरीला आल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं. कस्तुराने पदराने बाक पुसला. शेजारच्या बाईने नाक मुरडलं. कस्तुराला रागवायचंही सुचलं नाही.

सोजरबाई फाट्यावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी नातीला कडेवर घेतलं, ओल्या फ्रॉकसकट. घरी शेवयाची खीर केलेली. नातीसाठी नवीन पाट आणलेला, तिच्या नावाचा हंडीभर लोण्याचा गोळा ठेवलेला. कस्तुरा जेवायला बसली आणि दोनदा उठली. एकदा पाण्याचं निमित्त केलं, एकदा हात धुवायचं.

"बस की गं गप. काय लागलंय तुला?" सोजरबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पोरगी निजली की तू निघ. चारची गाडी हाय. उठल्यावर रडंल दोन दीस, मग ऱ्हाईल. देखत गेलीस तर पाय धरंल तुजं."

विशाखा आजीच्या मांडीवर झोपली. तोंड उघडं, ओठांवर खिरीचा ओघळ. कस्तुरा उभी राहिली. चप्पल हातात घेतली, अंगणातून बाहेर जाईपर्यंत पायात घातली नाही.

चारची गाडी वेळेवर आली. कस्तुरा चढली, तिकीट काढलं, खिडकीत बसली. शेजारी पिशवी नव्हती, पोर नव्हती, मांडीवर काही नव्हतं. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणानेच तिचा जीव घाबरा झाला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. चिंबळी आली. दोन म्हातारे उतरत होते. त्यांच्यामागे कस्तुराही उतरली.

"पिंपरीचं तिकीट हाय की तुमचं!" कंडक्टर ओरडला. तिने वळून बघितलं नाही.

चिंबळीहून कुरुळी पाऊण तासाची वाट. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. पाचवा महिना, पाठीत कळ, पायात खडे. ती पळत नव्हती, पण चालतही नव्हती. वाटेत तिने स्वतःशी चार-पाच बोलणी तयार केली. सासूला काय सांगायचं, भीमराजला काय सांगायचं. एकही धड जुळलं नाही.

विशाखा जागी होती. ओट्याच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. रडत नव्हती. पिशवी तिने मांडीवर घेतली होती. सोजरबाई मागे उंबऱ्यात, हतबल. "उठल्यापासनं अशीच बसलीय," त्या म्हणाल्या. "शब्द न्हाई तोंडातनं."

कस्तुरा तिच्यासमोर खाली बसली. तयार केलेली सगळी बोलणी गेली.

"विशी, मी तुला सोडून चालले होते," ती म्हणाली. "परत येणार म्हणून मी तुला खोटं सांगितलं. गाडीत बसले होते. मग उतरले."

पोरीने ऐकलं. मग तिने कस्तुराचा हात धरला, मनगटाशी, आणि कडकडून चावली. दात रुतले. सोजरबाई "अगं अगं!" करत धावल्या. कस्तुराने दुसऱ्या हाताने त्यांना थांबवलं. तिने हात सोडवून घेतला नाही. पोरीचा जबडा दुखायला लागल्यावर तिनेच सोडला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं, मोठ्याने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

"मी नेते हिला, आत्याबाई," कस्तुरा म्हणाली.

सोजरबाई भिंतीला टेकल्या. त्या कस्तुराला बोलतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "ने. मला काय. मला वाटलं, घरात कोनतरी बोलायला व्हईल. पोरगा तिकडं, सून ग्येली. सांजच्याला ह्या घरात नुसता माझाच आवाज."

त्यांना सून म्हणताना पहिली सून म्हणायची होती. कस्तुराला ते कळलं आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

"तुम्हीच चला आमच्याकडे," ती म्हणाली. "बाळंतपणाला. आत्तापासून सांगून ठेवते."

"बघू," सोजरबाई म्हणाल्या. हुबेहूब मुलासारख्या.

सहाच्या गाडीने दोघी परतल्या. पुलावर विशाखाने डोळे मिटून घेतले आणि पूल संपल्यावर विचारलं, "गेली?" कस्तुरा म्हणाली, "गेली." भीमराज घरी आधीच आला होता. दारात पोर बघून त्याने एकदा कस्तुराकडे, एकदा पोरीकडे पाहिलं. "आणलीस होय परत?" म्हणाला. मग कस्तुराच्या मनगटावर नजर गेली. "हे काय?"

"पुढच्या वेळी तुम्ही जा सोडायला," कस्तुरा म्हणाली. "मग तुम्हाला कळंल."

पुढच्या वेळेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण त्या आठवड्यात तो रोज कंपनीतून थेट घरी आला आणि पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आला.

शुक्रवारी कस्तुराने फळीवरून पुस्तक काढलं. "उंदरानं सोडलं," ती पोरांना म्हणाली. पोरं नाचली. चौथं पान आलं तेव्हा तिने लिहिलेलं वाचलं आणि थांबली.

"बाई, हिनं दोरी का सोडली?" पुन्हा धोंडीबाच.

"पुस्तकात लिहिलं नाही," कस्तुरा म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मग सगळे एकदम बोलायला लागले. तिला भूक लागली असंल. पोरगी लई पिरपिर करत असंल. तिचे हात दुखत असतील दोरी धरून. तिला पन कुनीतरी मारलं असंल. एकजण म्हणाला, ती चेटकीनच हाय, तिची नखं बघा. विशाखाने काहीच सांगितलं नाही. पण त्या दिवशी ती खिडकीखालून उठून जवळ आली आणि तिने चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरव्या झग्यावरून बोट फिरवलं. मग जाऊन दूध प्यायली.

सतरंजीची नाव काही दिवस चालली. आता विशाखा ओढणाऱ्यांत असायची.

बालदिनाला साहेब आले, हार आला, पेढे आले. पोरांनी गोष्ट सांगितली. विशाखाने भाग घ्यायचं नाकारलं आणि जाईबाईजवळ बसून राहिली. बाकीच्यांनी गोष्ट अगदी पुस्तकातल्यासारखी सांगितली. 'सावत्र आईचा दगड झाला!' हे वाक्य तर इतक्या आनंदाने ओरडले की साहेब दचकले आणि मग हसून टाळ्या वाजवायला लागले. कस्तुरा बाजूला उभी होती. पोट आता लपत नव्हतं. पोरांचा दगड ऐकून तिने मोजून ठेवलेले पेले पुन्हा मोजायला घेतले. आधी तांदूळ निवडायची तसंच. तेवढं काही बदललं नव्हतं.

साहेब गेल्यावर सुमनताईंनी तिला बाजूला घेतलं. त्या ओशाळलेल्या होत्या. "कस्तुराबाई, तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत? मी दुसरं पुस्तक आणलं असतं."

"दुसऱ्यातही असतीच ना, ताई," कस्तुरा म्हणाली.

सुमनताईंनी पेढ्यांचा उरलेला खोका कस्तुराच्या हातात दिला.

फेब्रुवारीत मुलगा झाला. सोजरबाई आल्या, तीन महिने राहिल्या आणि रोज भांडल्या. पाणी कोमट का, पोराला टोपी का नाही, पोरीच्या केसांना तेल का नाही. विशाखा आजीच्या आणि कस्तुराच्या मधे झोपायची आणि दोघी एकमेकींवर ओरडायला लागल्या की कानांवर हात ठेवायची. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुरुळीला जाऊ लागली. स्वतःच्या मनाने आणि ठरलेल्या तारखेपर्यंत. तारीख कस्तुराने कॅलेंडरवर लिहायची, असा तिचा नियम होता.

ती सवय विशाखाची बरीच वर्षं गेली नाही. कस्तुराने पिशवी उचलली की ती विचारायची, "किती वाजता येणार?" रेशनला, दवाखान्यात, नळावर, कुठेही. कधीकधी कस्तुरा वैतागायची. एकदा तर तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला, "मेले का मी? येणारच हाय की!" आणि मग वाजले किती ते सांगूनच बाहेर पडली. दहा मिनिटं जरी उशीर झाला तरी तिचे पाय आपोआप भराभर उचलायचे. मंडळाच्या सभेत ती दाराजवळ बसायची. भीमराज तिला म्हणायचा, "तुझ्या बुडाखाली निखारा हाय का गं?"

पोरीची माया लागली का, असं शेजारणींनी विचारलं की कस्तुरा म्हणे, "सवय लागली. तिलाबी, मलाबी." याहून गोड उत्तर तिला कधी देता आलं नाही आणि तिने दिलंही नाही.

ऐंशी साली महिला मंडळ थंडावलं. सुमनताईंच्या यजमानांची बदली झाली आणि वसाहतीतली बालवाडी बंद पडली. तोवर भीमराजने पिंपळे गुरवला दोन खोल्यांची जागा घेतली होती. कस्तुराने घरी बसून पापड लाटायचं कबूल केलं आणि आठ दिवसांत सोडलं. घरात तिचा जीव रमत नव्हता. वयाच्या तिसाव्या वर्षी तिने बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. विशाखा तेव्हा चौथीत गेलेली. ती संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन कस्तुराला प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की अजिबात दया दाखवायची नाही. कस्तुरा दुसऱ्या श्रेणीत पास झाली.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये तिला निगडीला नेमणूक मिळाली. प्राधिकरणाची नवी घरं उठत होती, रस्ते अजून खडीचेच होते आणि बालवाडीला नुसती एक खोली मिळाली होती, फळा नसलेली. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मुलं आली. त्यातली सतरा रडत होती. आया दारात घुटमळत होत्या, कुणी खिडकीतून डोकावत होत्या. कस्तुराने आधी आयांना आत बोलावलं आणि प्रत्येकीला पोरासमोर मोठ्याने सांगायला लावलं, घ्यायला किती वाजता येणार ते. मग पदर खोचला आणि सगळ्यात जोरात रडणाऱ्याला उचलून कडेवर घेतलं.